७५२ धावा, ८२ विजय : पाद्रेसच्या एका हंगामाच्या नोंदी

२ ऑक्टोबर २०२३, सोमवार

काल हंगाम संपला. आमच्या गावच्या बेसबॉल संघाने, सॅन डिएगो पाद्रेसने, शेवटचा सामना शिकागोत व्हाइट सॉक्सविरुद्ध नेहमीच्या नऊऐवजी ११ डावांपर्यंत नेऊन २-१ असा जिंकला आणि १६२ सामन्यांचा हिशेब मिटला. ८२ विजय, ८० पराभव, विभागात तिसरा नंबर. प्लेऑफ, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्या, नाही.

रात्री मुलगा झोपल्यावर वहीत एवढंच उतरवून घेतलं : केलेल्या धावा ७५२, दिलेल्या ६४८. म्हणजे १०४ धावांनी पुढे असलेला संघ घरी बसला. मायामीने ६६६ केल्या आणि ७२३ दिल्या, तब्बल ५७ ने मागे, तरी ८४ विजय घेऊन तो संघ प्लेऑफमध्ये गेला. ॲरिझोनाचंही तेच. केलेल्या ७४६, दिलेल्या ७६१, विजय ८४, आणि तेही आत.

मला हे पचलेलं नाही. यंदा या गावाने पेटको पार्कवर, आमच्या घरच्या मैदानावर, ३२ लाखांहून जास्त तिकिटं घेतली, क्लबच्या इतिहासात सगळ्यात जास्त. त्यातली माझी आणि मुलाची मिळून बारा. मचाडो, तातीस, बोगार्ट्स या तिघांचे करारच मिळून ९७ कोटी डॉलरचे, आणि शिवाय हुआन सोतो. पिचिंग, म्हणजे चेंडूफेक, तर अशी, की पिचर ब्लेक स्नेलचा ईआरए २.२५. म्हणजे नऊ डावांमागे सव्वादोन धावा. एवढं असूनही सामना संपल्यावर परतीच्या ट्रॉलीत, म्हणजे इथल्या ट्राममध्ये, दर वेळी तेच वाक्य कानावर पडायचं, की बॅटच चालत नाही. मीही ते म्हटलंय, रागाने म्हटलंय.

या हिवाळ्यात ते वाक्य तपासायचं ठरवलं. १६२ सामने, एकेक करून. जोडीला बाबा आहेत, कोल्हापुरात. बँकेतून निवृत्त झाले, आणि तीस वर्षं रविवारच्या क्रिकेट सामन्यांना स्कोअरर म्हणून बसले. बेसबॉलचे नियम मी फोनवर सांगायचे आणि बेरजा त्यांनी तपासायच्या, अशी वाटणी झाली.

५ ऑक्टोबर

कामाची पद्धत ठरली. संगणकावर तक्ता करणारच आहे, पण बाबांचा आग्रह कागदाचा. "डोळ्याला दिसल्याशिवाय कळत नाही, बघ की." म्हणून बिलाच्या मशीनचा ८० मिलिमीटर रुंदीचा रोल आणला. एका सामन्याला एक सेंटिमीटर जागा आणि एका धावेला अर्धा सेंटिमीटर उंची. पाद्रेसच्या धावांची निळी रेघ खालच्या काठावरून वर जाईल. शून्य धावा असतील तिथे काहीच नाही, कोरी जागा.

पहिली रेघ ३० मार्चची, घरच्या मैदानावर कोलोरॅडोविरुद्ध २-७ हार. एक सेंटिमीटरची बुटकी रेघ. त्या दिवशी मी मैदानात होते, आणि सगळे म्हणत होते, पहिलाच दिवस आहे.

१४ ऑक्टोबर

रोल पूर्ण झाला, पण बेरीज चुकली.

संगणकातली बेरीज आली ७३०. हवी ७५२. मी दोन रात्री आकडे पुन्हा पुन्हा तपासले, चूक सापडेना. रोलचे फोटो बाबांना पाठवले. त्यांनी धावांकडे बघितलंच नाही, आधी रेघा मोजल्या. सकाळी त्यांचा फोन आला, "आगं, रेघा आणि कोऱ्या जागा मिळून १६० भरतायत. तुझे दोन सामने कुठं गेले?"

मग ट्यूब पेटली. घरचे आणि बाहेरचे सामने वेगळे काढायला मी ३० संघांच्या ३० मैदानांची यादी वापरली होती. एप्रिलच्या शेवटी पाद्रेस आणि सॅन फ्रान्सिस्को जायंट्स दोन सामने मेक्सिको सिटीत खेळले होते. ते मैदान यादीत नाही, म्हणून ते दोन्ही सामने गाळले गेले. २९ एप्रिलला १६-११ आणि ३० एप्रिलला ६-४. सोळा आणि सहा, बावीस. ७३० मध्ये २२ मिळवले की ७५२.

कात्रीने रोल कापला, मधे दोन सेंटिमीटरचा तुकडा चिकटवला आणि १६ धावांची रेघ काढली. ती बरोबर आठ सेंटिमीटर, वरच्या काठाला टेकली. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटरच्या आसपास उंचीवर आहे. तिथली हवा विरळ, त्यामुळे चेंडूला अडवणारं फारसं काही नाही. त्या एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून ११ होम रन, म्हणजे थेट कुंपणापार गेलेले फटके, झाले. मचाडोने दोन मारले, तातीस, सोतो, बोगार्ट्स आणि नेल्सन क्रूझ यांनी एकेक. आणि पेटको पार्क बंदराच्या काठावर, रात्री दमट गार हवा. तिथे तोच फटका कुंपणाच्या अलीकडे हातात जातो. मी आणि मुलगा असे किती तरी फटके बघत उभे राहिलोय, अर्धवट उठून पुन्हा बसलोय.

चिकटवलेला तुकडा हाताला लागतो. तसाच ठेवणार आहे.

२१ ऑक्टोबर

सरासरी काढली आणि ट्रॉलीतलं वाक्य पहिल्या फटक्यात खोटं ठरलं. ७५२ भागिले १६२ म्हणजे सामन्याला ४.६४ धावा. यंदा संपूर्ण लीगची सरासरी ४.६२. म्हणजे बॅट चालली नाही असं नाही, चारचौघांइतकी चालली. या पगारात चारचौघांइतकं चालणं हाही तक्रारीचाच विषय आहे, पण ती तक्रार वेगळी. दिलेल्या धावा मात्र सामन्याला बरोबर ४.००. रोज ४.६४ काढून रोज चार देणारा संघ वर्षभर हरूच शकत नाही.

बाबांना हे मोठ्या उत्साहाने सांगितलं. ते म्हणाले, "सरासरी काय सांगतीस? आमच्याकडं पाऊस बघ की. जून अख्खा कोरडा, आणि जुलैत चार दिवसांत पंचगंगेला पूर. वर्षाअखेरीला पेपरात येतं, जिल्ह्यात सरासरीइतका पाऊस. आणि रोपं तर जूनमध्येच वाळलेली. धावा किती झाल्या ते राहू दे, कधी झाल्या ते सांग."

मी रोल जमिनीवर पसरला. १६२ सेंटिमीटर, सोफ्यापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. खाली बसून बघितलं तर त्यांचं म्हणणं समोर होतं. उंच रेघांचे झुबके, आणि मधे लांबच लांब बुटक्या रेघा.

२४ ऑक्टोबर

दसरा. काम नाही. आपट्याची पानं इथे मिळत नाहीत, मुलाने कागदाची कापून दिली.

२६ ऑक्टोबर

पाद्रेसचे मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, बॉब मेल्विन जायंट्सकडे गेले. आपल्याच विभागातल्या संघाकडे. रोलवर याची रेघ काढता येत नाही, पण नोंद हवी म्हणून लिहिलं.

२ नोव्हेंबर

वर्ल्ड सिरीज काल रात्री संपली, टेक्सासने ॲरिझोनाला ४-१ हरवलं. म्हणजे जो संघ वर्षभरात १५ धावांनी मागे होता तो अंतिम फेरी खेळला. त्याला आणि पाद्रेसला वेगळं करणारे विजय फक्त दोन, ८४ आणि ८२.

आज बेसबॉलचे आकडेतज्ज्ञ बिल जेम्स यांचं सूत्र वापरलं, धावांवरून विजय किती व्हायला हवे होते ते सांगणारं. केलेल्या धावांचा वर्ग भागिले केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांची बेरीज. आकार पायथागोरसच्या प्रमेयासारखा म्हणून नावही तेच. ७५२ चा वर्ग ५,६५,५०४. ६४८ चा ४,१९,९०४. भागाकार ०.५७४, त्याला १६२ ने गुणलं की ९३ विजय. वर्गाऐवजी १.८३ घातांक घेतला, जो हल्ली जास्त वापरतात, तर ९२. म्हणजे दहा विजय कुठे तरी सांडले.

कुठे सांडले ते शोधायला फार वेळ लागला नाही. एका धावेने सुटलेले सामने : ९ जिंकले, २३ हरले. ते बाजूला काढले तर उरतात ७३ विजय आणि ५७ पराभव. याच गतीने १६२ सामने खेळले असते तर ९१ विजय. सूत्र जवळपास तेच सांगत होतं. मायामीचं बरोबर उलटं. एका धावेच्या सामन्यांत ३३-१४, आणि बाकीच्यांत ५१-६४.

हे लिहिताना हात थांबला. तेवीस. यातले काही मी डोळ्यांनी पाहिलेत. त्या रात्री घरी येताना मुलगा एक शब्द बोलायचा नाही.

८ नोव्हेंबर

आधी एक गोष्ट नीट मांडून ठेवते, कारण क्रिकेटवर वाढलेल्या वाचकाला ती चटकन लागणार नाही, मलाही लागली नव्हती.

सोळा धावांच्या सामन्यातून उरलेल्या धावा उद्यासाठी ठेवता येत नाहीत. मेक्सिकोतल्या सोळापैकी जिंकायला बारा पुरत होत्या, वरच्या चार वाया. चौथी धाव आणि सोळावी धाव ७५२ च्या बेरजेत सारखीच मोजली जाते. सामन्याच्या निकालात नाही. या खेळात चार धावा केल्या तर जिंकण्याची शक्यता साधारण निम्म्याच्या आसपास असते. दोनाच्या चार झाल्या तर सामना फिरतो, बाराच्या चौदा झाल्या तर काही फिरत नाही. म्हणून दोन संघांची बेरीज सारखी असली तरी ज्याच्या धावा ढिगाने येतात तो मागे राहतो.

बाबांनी मान डोलावली असणार, फोनवर दिसत नव्हतं. एवढंच म्हणाले, "एकाच दिवशी सगळं पाणी आलं तर साठवायचं कशात?"

१५ नोव्हेंबर

काल क्लबचे मालक पीटर साइडलर गेले. ६३ वर्षांचे होते. ज्या वॉल्टर ओमॅलींनी डॉजर्स ब्रुकलिनहून लॉस एंजेलिसला नेले त्यांचे हे नातू, पण जीव या दक्षिणेच्या धाकट्या गावावर लावला. छोट्या बाजारपेठेच्या संघाने मोठा खर्च करायचा नसतो असं सगळे सांगत असताना त्यांनी तो केला. माझ्या रोलवरच्या निम्म्या उंच रेघा त्यांच्यामुळे आहेत. कालचा पाडवा तसाच गेला.

३ डिसेंबर

ढीग का होतात, याचं एक कारण आज हाताशी आलं असं वाटतंय.

क्रिकेटमध्ये एक जण उभा राहिला तर एकटा शंभर काढतो. बेसबॉलमध्ये होम रन सोडला तर धाव एकट्याची नसते. मैदानात चार बेस, म्हणजे टप्पे, आणि चारही पार केले की एक धाव. एकाने बेसवर जायचं, दुसऱ्याने त्याला पुढे ढकलायचं, तिसऱ्याने आणायचं, आणि हे सगळं तीन जण बाद व्हायच्या आत. ही साखळी आहे. शिवाय फलंदाजीचा क्रम ठरलेला. तुमचा सर्वांत चांगला बॅटर नऊ जणांत एकदाच येतो, गरज असली म्हणून आधी पाठवता येत नाही.

आता आकडे. समजा प्रत्येक जण १०० पैकी ३५ वेळा बेसवर पोचतो. सलग तीन जण पोचण्याची शक्यता ०.३५ गुणिले ०.३५ गुणिले ०.३५, म्हणजे शंभरात सव्वाचारच्या आसपास. ३५ ऐवजी २८ धरा. आता शंभरात जेमतेम सव्वादोन. माणशी फरक सातचा, पण साखळी निम्म्यावर आली.

यंदाच्या पाद्रेसच्या क्रमात वरचे चार आणि खालचे चार हे जणू दोन वेगळे संघ होते. सोतोची फलंदाजीची सरासरी ०.२७५, म्हणजे हजार संधींत २७५ यशस्वी फटके, शिवाय ३५ होम रन, १३२ वॉक (पिचरच्या चुकलेल्या चेंडूंमुळे फुकट मिळालेला पहिला बेस). बोगार्ट्स ०.२८५. मचाडोचे ३० होम रन, तेही मे महिन्यात हाताला चेंडू लागून हाड मोडल्यावर. तातीस बंदी संपवून २० एप्रिलला आला आणि त्याने २५ मारले. किम हा-सँगने ३८ बेस चोरले, म्हणजे फटका नसताना पळून पुढचा बेस गाठला. आणि खाली? कॅचर (आपल्या यष्टिरक्षकासारखा) ऑस्टिन नोला ०.१४६. मॅट कार्पेंटर ०.१७६. ट्रेंट ग्रिशम ०.१९८. वरच्यांनी दोघं बेसवर ठेवून पाळी खाली गेली की साखळी तिथेच तुटायची. मेअखेरीस आलेल्या गॅरी सांचेझने १९ होम रन मारून कॅचरची जागा थोडी सावरली, हे न्यायाने लिहायला हवं.

मे महिन्यात तर दुसऱ्या किंवा तिसऱ्या बेसवर माणूस असताना हा संघ ३० संघांत शेवटचा होता. टीव्हीवर दर वेळी तो आकडा दाखवायचे. मी तो यायच्या आधी खोलीतून उठून जायचे.

७ डिसेंबर

सोतो यँकीजला गेला, ग्रिशमही त्याच्याबरोबर. त्यांच्या बदल्यात मायकेल किंग आणि आणखी चौघे आले, त्यात कॅचर काइल हिगाशिओका. सोतो यंदा १६२ पैकी १६२ सामने खेळला. रोलच्या प्रत्येक सेंटिमीटरमध्ये तो आहे, कोऱ्या जागांमध्येही.

मुलाने त्याचं पोस्टर काढलं नाही. मीही काढायला सांगितलं नाही.

६ जानेवारी २०२४

आता प्रत्येक चेंडूफेकीनंतर काय झालं याच्या फायली वाचतेय. रेट्रोशीट नावाची संस्था १९८९ पासून स्वयंसेवकांच्या बळावर जुन्या-नव्या सामन्यांच्या खेळी नोंदवून सगळ्यांना मोफत देते. ओळी कोरड्या आहेत. फलंदाजाचं संक्षिप्त नाव, डाव, आणि पुढे क्षेत्ररक्षकांच्या जागांचे आकडे. सहा म्हणजे शॉर्टस्टॉप, चार म्हणजे सेकंड बेसमन, तीन म्हणजे फर्स्ट बेसमन. आठवा डाव, पहिल्या बेसवर माणूस, एक बाद, आणि ओळीत फक्त ६-४-३. चेंडू शॉर्टस्टॉपकडून दुसऱ्या बेसवर, तिथून पहिल्या बेसवर. दोन बाद, डाव संपला. तीन आकड्यांत संध्याकाळ गेली.

बाबांनी अशा पन्नासेक ओळी माझ्याबरोबर वाचल्या. त्यांना एक गोष्ट सांगितली. जॉर्ज लिंडसे नावाच्या कॅनडाच्या संरक्षण विश्लेषकाने १९६३ मध्ये एक शोधनिबंध छापला. कोणत्या बेसवर माणूस आणि किती बाद, यावरून त्या डावात पुढे सरासरी किती धावा होतात, याचा तक्ता त्यात होता. त्यासाठी शेकडो सामन्यांच्या नोंदी त्यांच्या वडिलांनी रेडिओ ऐकून हाताने करून दिल्या होत्या. बाबा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पुढची ओळ वाच."

तो तक्ता आजही वापरतात, आकडे तेवढे नवे. कुणी बाद नाही, बेस रिकामे, तर साधारण अर्धी धाव. कुणी बाद नाही आणि दुसऱ्या बेसवर माणूस, तर १.१ च्या आसपास. ही दुसरी स्थिती महत्त्वाची, कारण २०२० पासून नऊ डावांत बरोबरी झाली की पुढचा प्रत्येक डाव तिथूनच सुरू होतो. दुसऱ्या बेसवर आयता माणूस उभा करतात. म्हणजे पाद्रेसला वर्षभर जी स्थिती जमत नव्हती, तीच जादा डावांत प्रत्येक वेळी ताटात वाढलेली. जादा डावांत गेलेले पहिले बारा सामने हरले. लागोपाठ बारा. मग सप्टेंबरच्या उत्तरार्धात एक जिंकला आणि हंगामाच्या शेवटच्या दिवशी दुसरा. २-१२.

२० जानेवारी

आज बाबांनी मला अडवलं, आणि बरं झालं.

मी त्यांना सांगत होते की या संघात धमक नव्हती, ऐन वेळी हात थरथरत होते, ९-२३ हा त्याचाच पुरावा. ते म्हणाले, "बत्तीस वेळा नाणं उडवून नऊच छापे पडले तर नाण्यात धमक नाही म्हणशील का?" आणि खरंच त्यांनी दिवाणखान्यात बसून दोन रुपयांचं नाणं बत्तीस वेळा उडवलं. तेरा छापे. पुन्हा उडवलं, अठरा.

मी गणित केलं. नाणं खरं असेल तर ३२ पैकी ९ किंवा त्याहून कमी छापे पडण्याची शक्यता शंभरात एक. ऐकायला फार कमी. पण लीगमध्ये संघ तीस. तिसांपैकी एकाच्या तरी वाट्याला हे येण्याची शक्यता शंभरात २६. म्हणजे चार हंगामांत एकदा, कुठल्या तरी गावात, हे होणारच. यंदा ते गाव आमचं. लागोपाठ बारा हरण्याची शक्यता मात्र ४,०९६ मध्ये एक. ती मी तीस संघांत वाटून बघितली तरी समाधान झालं नाही. तिथे नुसतं नाणं नाही, खालच्या चौघांची साखळीही आहे असं माझं मत झालंय.

तर हिशेब असा झाला : दहा हरवलेल्या विजयांतला मोठा वाटा नाण्याचा, उरलेला क्रमाच्या रचनेचा. मी ज्याला सगळ्यात जास्त बोल लावत होते त्या हिमतीचा पुरावा मला १६२ सेंटिमीटरमध्ये कुठेही सापडला नाही. सप्टेंबरमध्ये याच माणसांनी शेवटच्या १६ पैकी १४ सामने जिंकले, तेव्हा आशा संपत आली होती आणि बघणारेही कमी झाले होते. हात थरथरणारी माणसं हे करत नाहीत. मी ट्रॉलीत जे बोलले ते मागे घेते.

२१ मार्च

नवा हंगाम, नवा रोल. पहिले दोन सामने दक्षिण कोरियात सोलमध्ये, डॉजर्सविरुद्ध. इथे पहाटे तीन वाजून पाच मिनिटांनी सुरू, कोल्हापुरात दुपारचे साडेतीन. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही दोघं एकाच वेळी एकच सामना बघत होतो, मी चहा घेऊन आणि बाबाही चहा घेऊन.

काल २-५ हार. आठव्या डावात एक जमिनीवरचा चेंडू आपल्या क्रोनेनवर्थच्या ग्लोव्हची जाळी फोडून आरपार गेला आणि त्याच डावात डॉजर्सने चार धावा काढल्या. आज १५-११ विजय. दोन सामन्यांची सरासरी साडेआठ. रेघा एक सेंटिमीटर आणि साडेसात सेंटिमीटर.

बाबांचा निरोप आला : "पूर."

१२ ऑक्टोबर २०२४

सहा महिने इथे लिहिलं नाही, रोल मात्र रोज भरला.

नेहमीच्या हंगामाचा हिशेब : ७६० धावा केल्या, ६६९ दिल्या, ९३ विजय. गेल्या वर्षीपेक्षा फक्त ८ धावा जास्त केल्या, २१ जास्त दिल्या. फरक १०४ वरून ९१ वर उतरला, आणि विजय ११ ने वाढले. दोन्ही रोल शेजारी ठेवले. यंदाच्या क्रमात खाली खड्डा नव्हता. मेच्या सुरुवातीला आलेला लुइस अराएझ ०.३१४ ने नॅशनल लीगमध्ये, म्हणजे तीसपैकी आमच्या अर्ध्या संघांत, पहिला. एकवीस वर्षांचा जॅक्सन मेरिल ०.२९२ आणि २४ होम रन. प्रोफारचं वर्षही सुंदर गेलं. सगळ्या संघांत सर्वांत कमी स्ट्राइकआउट (चेंडू मैदानात न खेळवता बाद होणं) पाद्रेसचे. चेंडू खेळात राहिला की पुढचा माणूस एक बेस तरी सरकतो. होम रनची वाट बघत बसावं लागत नाही. आणि नाणं या वेळी इतकं वाकडं पडलं नाही, तेही मान्य.

मग प्लेऑफमध्ये डॉजर्सविरुद्ध पाच सामन्यांची मालिका. धावा अशा : ५, १०, ६, ०, ०. काल रात्री संपलं.

तिसरा सामना, ८ तारखेचा, आम्ही पेटकोत होतो. दुसऱ्या डावात सहा धावा झाल्या. पेराल्टाचा फटका पहिल्या बेसच्या रेषेला चिकटून कोपऱ्यात गेला आणि दोन धावा झाल्या. मग तातीसचा दोन धावांचा होम रन डाव्या बाजूच्या प्रेक्षकांत. शेजारच्या अनोळखी बाईंनी मला मिठी मारली. कानात दडे बसले होते. डॉजर्सने पुढच्याच डावात बेस भरलेले असताना होम रन मारून चार काढल्या, सामना ६-५ असा कसाबसा राखला. मालिकेत आम्ही २-१ पुढे.

त्या दुसऱ्या डावानंतर पाद्रेसने मालिकेत एकही धाव केली नाही. चौथा सामना ०-८. काल लॉस एंजेलिसमध्ये पाचवा, ०-२. आपला पिचर डार्विशने फक्त दोन चुका केल्या आणि डॉजर्सच्या दोन्ही हर्नांडेझांनी, किके आणि तेओस्कारने, त्या कुंपणाबाहेर पाठवल्या. आपल्याकडून उत्तर नाही.

रात्री उशिरा बाबांचा फोन. त्यांनी वही उघडी ठेवली होती. तिसऱ्या सामन्यात उरलेले सहा डाव, चौथ्यात नऊ, पाचव्यात नऊ. चोवीस डाव कोरे. पाचही सामन्यांची बेरीज २१ विरुद्ध २४, सरासरी सामन्याला चार धावांच्या वर. मी काही बोलले नाही, तेही बोलले नाहीत. मुलगा गणवेश न बदलता सोफ्यावर झोपला होता.

पुढच्या रोलसाठी बदल : सामन्याला एक सेंटिमीटर पुरत नाही. तिसऱ्या सामन्याची रेघ तीन सेंटिमीटर उंच आहे, आणि तिच्यात सगळ्या सहा धावा एकाच डावातल्या आहेत हे कुठेच दिसत नाही. आता प्रत्येक सामन्याला नऊ घरं, घर तीन मिलिमीटर रुंद. बाबांनी पट्टीने एक आखून फोटो पाठवलाय. १६२ सामन्यांना सव्वाचार मीटरहून जास्त कागद लागेल. सोमवारी नवे रोल आणायचे.